स्टोअरमध्ये न मिळणारं अ‍ॅप

“मॅडम, तुमीच सांगा तिले. बाहेरचं काही टाकू द्याचं नाई, असं तुमीच म्हनलं होतं का नाई?”

कुसुमकाकू गावंडे आमच्या काउंटरसमोर उभ्या होत्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. डबा त्यांनी काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. आत टीव्हीची स्ट्रीमिंग स्टिक होती, रुमालात गुंडाळलेली. खाली रिमोट. ही स्टिक कुणाच्या हाती लागू नये म्हणून ती टीव्हीतून उपसून त्या बडनेऱ्याहून ऑटोनं अमरावतीला, आमच्या दुकानात आल्या होत्या.

फोन त्यांनी माझ्या हातात दिला. पलीकडे त्यांची मुलगी पल्लवी. अकोल्याहून बोलत होती आणि भयंकर चिडलेली होती.

“मॅडम, तुम्ही माझ्या आईला नेमकं सांगितलं तरी काय? ती मला माझंच अ‍ॅप माझ्याच बाबांच्या टीव्हीवर टाकू देत नाहीये.”

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. शब्दाला जागलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

मी टीव्हीचं काम करते. पूर्वी टीव्ही उघडून दुरुस्त करायची. आता टीव्हीत दुरुस्त करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पॅनल गेलं की टीव्ही गेला. त्यामुळे हल्ली माझं निम्मं काम टीव्हीच्या मागे लावायच्या वस्तूंचं असतं. त्यातली एक म्हणजे ही स्ट्रीमिंग स्टिक. बोटभर काडी. ती टीव्हीला लावली आणि घरातल्या वायफायला जोडली की साधा टीव्हीसुद्धा इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवतो. फोनवर जशी अ‍ॅप असतात तशी हिच्यावरही असतात, आणि ती कंपनीच्या स्टोअरमधून घ्यायची असतात. स्टोअरमध्ये ठेवण्याआधी कंपनी अ‍ॅप तपासते. पण एक मागचा दरवाजाही असतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप चालेल’ अशी परवानगी दिली की कुठूनही आणलेलं अ‍ॅप स्टिकवर टाकता येतं. आमच्या धंद्यात याला साइडलोड करणं म्हणतात.

काकूंच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती याच मागच्या दरवाजामुळे. कोण्या ओळखीच्यानं त्यांच्या स्टिकवर ‘सगळे सिनेमे फुकट’ वालं एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. थोडे दिवस सिनेमे दिसले. मग टीव्ही स्वतःच्या मनानं चालू व्हायला लागला. जाहिराती यायला लागल्या, आणि त्याही अशा की काकूंनी टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवला होता. मी गेले तेव्हा टॉवेलाच्या आत कुणीतरी बाई हिंदीत काहीतरी विकत होती.

मी स्टिक पूर्ण पुसली, म्हणजे नवीन होती तशी केली. मागचा दरवाजा बंद केला. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला देते ते भाषण काकूंनाही दिलं. अ‍ॅप फक्त स्टोअरमधून घ्यायचं. बाहेरचं टाकू द्यायचं नाही.

“ओळखीचा असला तरी?” काकूंनी विचारलं होतं.

“ओळखीचा असला तरी.”

“घरातला असला तरी?”

“घरातला असला तरी, काकू.”

त्या दिवशी गावंडे काका समोर खुर्चीत बसले होते. काका रेल्वेतून रिटायर झालेले. सगळी नोकरी बडनेरा जंक्शनवर, गाड्यांना सिग्नल द्यायच्या केबिनमध्ये. उंच माणूस, मोठे हात. आदल्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. पाय बऱ्यापैकी सुधारला, उजवा हात अर्धा सुधारला, पण बोलणं गेलं. डोकं एकदम साफ होतं. समोरचा काय म्हणतो ते सगळं कळायचं. पेपर समोर धरून बसायचे. फक्त शब्द तोंडात येत नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आत शब्द आहेत, पण ते बाहेर काढायची वाट मोडली आहे. एकच वाक्य शिल्लक होतं, तेही आपोआप निघायचं. “हो ना बाप्पा.” पाणी पाहिजे असलं तरी “हो ना बाप्पा.” राग आला तरी तेच, फक्त जोरात.

मी निघाले तेव्हा ते खिडकीकडे हात करून म्हणाले, “हो ना बाप्पा.”

“पंखा लावू?” काकूंनी विचारलं. “खिडकी लावू? ऊन लागून राहिलं का? पानी देऊ?”

“हो ना बाप्पा! हो ना बाप्पा!” काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि तोंड फिरवून घेतलं.

मी खाली आले तेव्हा कळलं. माझ्या स्कूटीला किल्ली तशीच लटकत होती. माणूस मघापासून तेच सांगत होता. मी वर पाहिलं तर खिडकीत काका. मी किल्ली काढून हलवून दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. ते काही माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तर आता काउंटरवर हा डबा, आणि कानाशी पल्लवी.

पल्लवी अकोल्याला सासरी असते आणि तिथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिचं म्हणणं असं होतं. बाबांना रोज सराव पाहिजे, असं बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्टनं सांगितलं होतं. चित्र दाखवायचं, थांबायचं, मग शब्द ऐकवायचा. परत परत. तिनं स्टोअरमध्ये अ‍ॅप शोधली. बहुतेक इंग्रजी, काही हिंदी. चित्रं सफरचंदाची आणि जिराफाची.

“बाबांना जिराफ म्हणता आलं नाही तर काय बिघडतं, मॅडम? त्यांना पाणी म्हणता यायला पाहिजे.”

म्हणून तिनं स्वतःच अ‍ॅप बनवलं. त्यात त्यांच्याच घरातले फोटो. त्यांचा पाण्याचा तांब्या, त्यांची खाट, त्यांचं दार, काकू. फोनचा पडदा लहान आणि काकांचा हात कापतो, म्हणून ते टीव्हीवर पाहिजे होतं.

“मग स्टोअरमध्ये का नाही टाकत?” मी विचारलं.

“एका माणसासाठी? आणि आमच्या आईचे फोटो सगळ्या जगासाठी ठेवू का तिथं?”

मी फोनवर हात ठेवून हमीदभाईंकडे वळले. हमीदभाई आमचे मालक. दुकान त्यांच्या वडिलांनी रेडिओच्या काळात काढलेलं. बाहेरचं अ‍ॅप टाकायचं नाही, हा नियम त्यांचाच. त्या सिनेमावाल्या अ‍ॅपची इतकी गिऱ्हाइकं आमच्याकडे रडत आली होती की त्यांनी भिंतीवर तसा कागदच चिकटवला होता.

“नको, इंगोलेबाई,” ते म्हणाले. “आज एकाले टाकून दिलं तर उद्या धा जन येतीन. म्हंतीन, गावंडेच्या टीव्हीत टाकलं, आमाले काहून नाई? अन् काही बिघडलं तर नाव कोनाचं? अपनी दुकान का.”

“हमीदभाई, पोरीनं बापासाठी बनवलं आहे.”

“ते खरंच तिनंच बनवलं, हे तुमाले कसं माहीत? फोनवर तं कोनीबी पोरगी असते.”

हे बोलणं चुकीचं नव्हतं. काकू मध्येच म्हणाल्या, “आवाज तं तिचाच हाये.” हमीदभाई हसले. मग त्यांनी काकूंसाठी चहा मागवला आणि म्हणाले, “असं करा. आधी दुकानात, आपल्या टेस्टिंगच्या टीव्हीवर चालवा. सगळं पाहा. तुमचं मन भरलं तर टाका. मन नाई भरलं तर काकूले डबा वापस.”

मी काकूंची स्टिक त्या टीव्हीला लावली. पल्लवीनं फाइल पाठवली. अशा फाइलला एपीके म्हणतात. अख्खं अ‍ॅप एका गाठोड्यात बांधलेलं असतं, तेच हे. गाठोडं उघडण्याआधी एक गोष्ट पाहता येते, ती म्हणजे अ‍ॅप काय काय मागतं. सिनेमावाल्या अ‍ॅपनं इंटरनेट मागितलं होतं, दुसऱ्या अ‍ॅपवर पडदा टाकायची परवानगी मागितली होती, स्वतःहून चालू व्हायची मागितली होती. फुकट सिनेमाच्या बदल्यात ते घराच्या किल्ल्याच मागत होतं. पल्लवीच्या अ‍ॅपची यादी मी उघडली तर ती कोरी. इंटरनेटसुद्धा नाही. फोटो आत, आवाज आत. त्याला कुणाकडून काहीच नको होतं.

“टाकते,” मी म्हटलं. मागचा दरवाजा उघडला. स्टिकनं नेहमीचा इशारा दिला की हे धोकादायक असू शकतं. मी पुढे गेले. पट्टी सरकत गेली, सरकत गेली आणि थांबली. अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही, एवढंच लिहून आलं. का नाही, ते नाही. मशीन कारण कधी सांगत नाही.

“पाहा,” हमीदभाई म्हणाले, “मशीनबी नाईच म्हनून राहिली.”

काकू डबा माझ्याकडेच ठेवून घरी गेल्या. कारण शोधायला माझी दुपार गेली. ते असं होतं. फोनच्या आणि स्टिकच्या आत चिप असते, आणि चिपची मापं वेगळी असतात. आजकालच्या फोनच्या चिपा नव्या मापाच्या. स्वस्त स्टिकमध्ये बऱ्याचदा जुन्या मापाचीच असते. पल्लवीनं अ‍ॅप तिच्या फोनच्या मापानं शिवलं होतं. ते या स्टिकच्या अंगात शिरतच नव्हतं. मी तिला कळवलं. दोन्ही मापांत बांधून दे म्हटलं. तिनं दिलं.

दुसऱ्या दिवशी ते बसलं. आणि गायब झालं.

म्हणजे सेटिंगमध्ये दिसत होतं, पण मुख्य पडद्यावर त्याचं चित्रच नाही. टीव्हीच्या पडद्यावर दिसायचं तर अ‍ॅपला टीव्हीसाठी वेगळी आडवी पाटी लावावी लागते. फोनची चौकोनी पाटी टीव्ही ओळखत नाही. मी पल्लवीला फोन केला.

“सेटिंगमध्ये जाऊन उघडता येतं ना?” ती थकलेल्या आवाजात म्हणाली.

“मला येतं. काकूंना सात दारं ओलांडून तिथं जायला लावशील का?”

तिनं पाटी लावली. तिसरी फाइल आली. आता पडद्यावर एक हिरवी पाटी दिसली, तिच्यावर लिहिलं होतं ‘बाबा’. उघडली. पाण्याच्या तांब्याचा फोटो आला. खाली दोन बटणं. मी रिमोट दाबला. काहीच हललं नाही. पुन्हा दाबला. नाहीच.

आता मात्र मला फोनवर समजावता येईना. पल्लवी म्हणायची, “इथं तर चालतं.” मी म्हणायची, “इथं नाही चालत.” ती बोटानं बटणाला हात लावत होती आणि माझ्या हातात रिमोट होता. टीव्हीला कुणी बोट लावत नाही. रिमोटचा बाण फिरवला की पडद्यावर कुठलं तरी बटण उजळलं पाहिजे, तेव्हा माणसाला कळतं आपण कुठं आहोत. तिच्या अ‍ॅपमध्ये काही उजळतच नव्हतं. अंधारात चाचपडल्यासारखं होतं. तिच्या घरी टीव्ही होता, पण स्टिक नव्हती.

मी हमीदभाईंना म्हटलं, “दुकानाची टेस्टिंगची स्टिक द्या. मी अकोल्याला जाऊन येते.”

“एका अ‍ॅपसाठी अकोल्याले?”

“बनवणारी खरी आहे का, तेही पाहून येते. तुम्हीच म्हणालात.”

त्यांनी स्टिक काढून दिली. वर म्हणाले, “गाडीत जागा पकडून बसजा. दुपारची गर्दी असते.”

पल्लवी खरी निघाली. नुकतीच कॉलेजातून आलेली, ओढणी खुर्चीवर टाकलेली, डोळ्यांखाली काळं. मी तिच्या हॉलमधल्या टीव्हीला स्टिक लावली, रिमोट तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “चालव.” तिनं बाण दाबले. एकदा, दोनदा. मग ओशाळून माझ्याकडे पाहिलं.

“आता डाव्या हातानं,” मी म्हटलं. काकांचा चालता हात तोच होता.

तिनं रिमोट डाव्या हातात घेतला. अंगठा बाणांवरून मधल्या गोल बटणावर घसरला. परत बाणावर आणला, परत घसरला. ती बराच वेळ तसंच करत राहिली. मग म्हणाली, “बाण नकोच. फक्त मधलं बटण ठेवते. दाबलं की आवाज, परत दाबलं की पुढचं चित्र. हात चुकला तरी काही चुकणार नाही असं करते.”

ती लॅपटॉप घेऊन जमिनीवरच बसली. काम करता करता बोलत होती. बाबांचा रोज सकाळी फोन यायचा, म्हणाली. काही काम नसायचं. कोणती गाडी लेट आहे, आईनं कशाची भाजी केली, असलंच. मधूनमधून भांडायचे. तिनं नवीन काही करायचं म्हटलं की आधी नाहीच म्हणायचे.

“अजूनही फोन करतात,” ती म्हणाली. “सवयीनं नंबर लागतो. मी इकडचं सगळं सांगते. ते म्हणतात, हो ना बाप्पा. आयुष्यात पहिल्यांदा बाबा माझ्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणून राहिले, मॅडम. मला नको ते. त्यांनी नाही म्हणावं एखाद्या वेळी.”

 टीव्हीवर तांब्याचा फोटो होता. तिनं लॅपटॉपवर काहीतरी दाबलं, मला म्हणाली, “आता पाहा.” मी डाव्या अंगठ्यानं मधलं बटण दाबलं. पल्लवीचा आवाज आला. “पाणी.” स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखा. पुन्हा दाबलं. जेवणाचं ताट आलं. परत दाबलं. “मला भूक लागली आहे.”

चाललं होतं. मी चहा घेऊन परतीच्या गाडीला लागले.

त्याच आठवड्यात काकूंचा डबा घेऊन मी बडनेऱ्याला गेले आणि ते काकांच्या टीव्हीवर बसवलं. काकूंनी आधी विचारलं, “तुमी टाकून राहिल्या ना? मंग ठीक हाये.” अ‍ॅप टाकून झाल्यावर मी मागचा दरवाजा पुन्हा बंद केला. काकांच्या डाव्या हातात रिमोट दिला. त्यांनी दाबला. तांब्या दिसला, दारही दिसलं. आपलंच घर टीव्हीत पाहून ते खूश झाले. बोट दाखवून काकूंना दाखवलं. मग पल्लवीचा आवाज आला, “पाणी.” काका ऐकत राहिले. त्यांना मुलीचा आवाज आवडला, हे दिसत होतं. पण तोंड हललं नाही.

काही दिवस तसेच गेले. काकूंचा फोन यायचा. चालू आहे, बिघडलं नाही, पण हे नुसते पाहत बसतात. मग एकदा स्टिकला वायफाय मिळेना म्हणून मी गेले होते, तेव्हा समोरच ते घडलं. काका सराव करत होते. काकू दारात भाजी निवडत बसल्या होत्या. पल्लवी व्हिडिओ कॉलवर, फोन टीपॉयवर डब्याला टेकवून ठेवलेला. टीव्हीतून आवाज आला, “मला अंघोळ करायची आहे.”

काकूंनी भाजीची जुडी परातीत टाकली.

“असं कोनी बोलते का व, पल्लवी? मला अंघोळ करायची आहे म्हने! आपल्या घरात कोनी ‘आहे’ म्हनलं का कधी? हे तं कलेक्टर ऑफिसात बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी त्यायले काय म्हंतो? ‘आंग धुवाले चला.’ म्हंतो का नाई?”

मी काकांकडे पाहिलं. काकूंनी ‘आंग धुवाले’ म्हटलं तेव्हा त्यांचे ओठ हलले होते. आवाज नव्हता, पण ओठ हलले होते. पल्लवीनंही पडद्यावरून पाहिलं असावं. 

“आई,” ती म्हणाली, “परत म्हण.”

“काय?”

“आत्ता म्हटलंस ते. बाबांकडे पाहून म्हण.”

“चला जी, आंग धुवाले चला.”

ओठ पुन्हा हलले.

पल्लवी आधी हसली. मग तिनं फोन उलटा ठेवला. आम्हाला तिच्या घरचं छत दिसत राहिलं आणि नाक ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती परत दिसली आणि म्हणाली, “शनिवारी येते. अ‍ॅपमध्ये तुझा आवाज भरायचा.”

त्या शनिवारी मलाही बोलावलं होतं, नवीन फाइल टाकायला. काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं. आवाजच भरायचा आहे, फोटो नाही, हे सांगूनही. पल्लवीनं आतल्या खोलीत फोन धरला आणि म्हणाली, “हं, बोल. पाणी.”

काकूंनी घसा साफ केला. ताठ बसल्या. “मला पिण्यासाठी पाणी हवे आहे.”

“आई!”

“काहून? चांगलं तं बोललो.”

“तू बाबांशी बोलतेस तसं बोल.”

“मंग त्यायले इकडे आना. भिंतीशी कसं बोलू?”

काकांना आणून समोर बसवलं. मग मात्र काकूंची गाडी सुटली. “पानी घ्या.” “च्या झाला, चला.” “दार लावा.” “दुखून राहिलं का?” “ऊन लागून राहिलं, इकडे सरका.” मधूनच स्टेशनातून गाडीचा भोंगा यायचा. पल्लवी हात वर करायची, सगळे थांबायचे, गाडी जायची, पुन्हा सुरू. एकदा काका हात वर करून थांबा म्हणाले, म्हणजे हातानंच, आणि खरंच थोड्या वेळानं गाडी आली. आम्हाला ऐकूही आली नव्हती. केबिनमधला माणूस.

एक वाक्य काकूंनी मध्येच सोडलं. “लवकर बोला आता,” असं काहीतरी त्या म्हणाल्या. ते अ‍ॅपसाठी नव्हतं. पल्लवीनं ते रेकॉर्डिंग पुसलं नाही. अ‍ॅपमध्येही टाकलं नाही.

मी नवीन फाइल टाकली. जुनी आधी काढावी लागली, कारण मधल्या काळात पल्लवीचा लॅपटॉप बदलला होता. प्रत्येक अ‍ॅपवर बनवणाऱ्याची एक आतली सही असते. लॅपटॉप बदलताना ती सही नेली नव्हती. सही वेगळी दिसली की स्टिकला वाटतं, दुसराच कुणी त्याच नावानं आत घुसतो आहे, आणि ती अडवते. चांगलीच सोय आहे ती. फक्त त्या दिवशी तिच्यापायी चहा गार झाला.

त्यानंतर बरेच दिवस माझं तिकडे जाणं झालं नाही. काकूंचे फोन यायचे. सकाळ-संध्याकाळ सराव चालतो. ओठ हलतात. कधी ‘पा’ निघतो. कधी काहीच नाही. एखाद्या दिवशी काका रिमोट फेकून देतात. मग मी पुन्हा गेले तेव्हा पल्लवीनं पाठवलेले नवीन शब्द टाकायचे होते. काका खुर्चीत, रिमोट हातात. पडद्यावर चहाचा कप. काकांनी बटण दाबलं.

टीव्हीतल्या काकू म्हणाल्या, “च्या घ्या.”

काकांनी तोंड उघडलं. कपाळावरची शीर फुगली. त्यांच्या आत काहीतरी जुळत होतं, असं वाटलं. मी जागेवरून हलले नाही. पण खऱ्या काकूंना कुठला धीर. त्या बाजूलाच उभ्या होत्या. “म्हना ना. च्या. च्या म्हना. चऽऽ...” तेवढ्यात काकांचा अंगठा लागोपाठ दोनदा पडला, पुढचं चित्र आलं, टीव्हीतल्या काकूही काहीतरी म्हणाल्या, आणि दोन्ही काकू एकदम बोलायला लागल्या.

“थांब व!” काका म्हणाले.

टीव्हीतलं वाक्य संपलं. काकू गप्प झाल्या. काकांनाही आपण काय बोललो ते क्षणभरानं कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे.

“काय म्हनलं?” काकूंनी विचारलं.

काकांनी शब्द शोधला. वेळ लागला. कुणी मध्ये बोललं नाही.

“थांब,” ते म्हणाले. या वेळी हळू.

काकू खाटेवर बसल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात, पण त्या हसत होत्या, खांदे हलेपर्यंत. “पाहा व माय,” मला म्हणाल्या, “इतक्या महिन्यानं बोलले, अन् तेबी मलेच दटावून राहिले.” मग खरंच रडल्या. काकांनी डावा हात लांब करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

मी पल्लवीला फोन लावला आणि टीपॉयवर ठेवून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. तेवढं मला कळतं.

‘थांब’ हा शब्द अ‍ॅपमध्ये नव्हताच. त्यामुळे अ‍ॅपनं त्यांना बोलतं केलं, असं मी कुणाला सांगत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की काळही काम करतो, व्यायामही करतो, आणि घरातली माणसंही. नेमकं कशानं किती, ते त्यांनाही मोजता येत नाही. आज काका थोडेच शब्द बोलतात. काही स्पष्ट, काही अर्धे. वाक्य लांबलं की अडकतात. पल्लवीचा फोन आला की मुख्यतः ‘नाई’ म्हणतात. ती खूश असते.

हमीदभाईंनी भिंतीवरचा कागद काढला नाही. खाली पेननं एक ओळ लिहिली, ‘बनवनाऱ्याले भेटल्याशिवाय टाकल्या जानार नाई’. आतापर्यंत सिनेमावाल्या एकाही गिऱ्हाइकाला आपला बनवणारा दाखवता आलेला नाही.

राहिली एक तांत्रिक गोष्ट, ती वाचणाऱ्यांच्या उपयोगाची म्हणून सांगते. स्टोअरमधून घेतलेली अ‍ॅप स्वतःची स्वतः नवीन होत राहतात. आपण झोपलेलो असतो आणि ती बदललेली असतात. बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपचं तसं नसतं. ते जसं टाकलं तसंच पडून राहतं. पल्लवीनं अकोल्यात बसून कितीही शब्द वाढवले तरी ते बडनेऱ्याच्या टीव्हीवर आपोआप पोचत नाहीत. कुणीतरी तिथं जावं लागतं. कधी ती जाते, कधी मी.